दुर्दैवाचा दाखला



 वकील आणि लेखापाल यांच्या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात व्यवसायाच्या सर्वच अंगांचा परामर्श घ्यावा, अशी परंपरा आहे. परंतु मी आज एकाच प्रश्नापाशी थांबणार आहे. आजारपणाने अथवा अपंगत्वाने कर्जात बुडालेल्या माणसाला नादारीच्या कायद्याचा आश्रय उपलब्ध असताना तो आश्रय मागायला आमच्याकडे कोणीच का येत नाही, हा तो प्रश्न होय.

सांगली जिल्ह्यातील खानापूर आणि आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून निघून सोनेचांदी गाळण्याच्या धंद्यासाठी सबंध हिंदुस्थानभर पसरलेली आमची गलाई करणारी मंडळी या बेंगळुरू शहराच्या नगर्तपेठेत आणि चिकपेठेतही पिढ्यानपिढ्या वसलेली आहेत. भट्टीची धग आणि तेजाबाची वाफ यांत आयुष्य काढणाऱ्या या कारागिराला ना पगारपत्रक, ना भविष्यनिर्वाह निधी, ना कामगार विम्याचे कवच. अशा घरातील कर्त्या पुरुषाचे मूत्रपिंड निकामी झाले आणि त्याला आठवड्यातून दोनतीनदा डायलिसिसवर जावे लागले, की जे घडते त्याचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो: प्रथम शिल्लक संपते, मग भिशी उचलली जाते, मग पत्नीचे दागिने तारण पडतात, मग मेहुण्याला जामीन ठेवून पतपेढीचे कर्ज, त्यानंतर मोबाइलवरून पाच मिनिटांत मिळणारे आणि पाच वर्षांत न फिटणारे कर्ज, आणि सरतेशेवटी गावाकडच्या चार एकरांचे गहाणखत. इतर कारणांनी कर्ज होते तेव्हा माणसाच्या हातात निदान कष्ट करण्याची शक्ती तरी उरते. आजारपणात मात्र खर्चाचा आकडा वाढू लागतो त्याच दिवशी मिळकतीचा हात थांबतो, आणि ज्या शरीराच्या बळावर कर्ज फेडायचे तेच शरीर कर्जाचे कारण होऊन बसते. म्हणूनच या कर्जाकडे उधळपट्टीच्या अथवा सट्ट्याच्या कर्जाहून निराळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे, असे माझे आग्रहाचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन मी केवळ करुणेच्या आधारावर करीत नाही. कायद्यातच त्याला आधार आहे. १९२० चा प्रांतिक नादारी कायदा कर्नाटकात आजही चालतो. त्याच्या १० व्या कलमान्वये, पाचशे रुपयांचे देणे असलेल्या आणि ते देण्यास असमर्थ असलेल्या ऋणकोला स्वतः होऊन न्यायालयात अर्ज करता येतो. ४२ व्या कलमाप्रमाणे, ज्याची मालमत्ता विनातारण देण्याच्या रुपयामागे आठ आणेही भरत नाही, त्याला न्यायालय निर्भेळ ऋणमुक्ती देत नाही. मात्र ज्या परिस्थितीबद्दल त्याला न्यायतः जबाबदार धरता येणार नाही अशा परिस्थितीमुळे ही तूट आली, असे त्याने न्यायालयाला पटवून दिले, तर ही आडकाठी दूर होते. आणि ७३ वे कलम त्याही पुढे जाते. नादार ठरल्याने माणसावर स्थानिक संस्थांच्या निवडणुकीपासून दंडाधिकाऱ्याच्या पदापर्यंत ज्या अपात्रता येतात, त्या दूर होण्यासाठी ऋणमुक्तीच्या आदेशासोबत न्यायालय असा दाखला देऊ शकते की, या माणसाची नादारी दुर्दैवाने ओढवली, त्याच्या गैरवर्तनाने नव्हे. शंभर वर्षांपूर्वीच्या विधिमंडळाने दुर्दैव आणि दुराचार यांच्यामध्ये ही रेषा स्पष्ट आखून ठेवली असताना, आजारी माणसाच्या वतीने ती दाखवून देण्याचे काम आपण वकीलवर्गाने फारसे केलेले नाही, हे मला खेदाने नमूद करावे लागते.

व्याधीला ऋणविचारात वेगळे स्थान देणे ही काही आधुनिकांची कल्पना नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीने दुर्भिक्ष, धर्मकार्य, व्याधी आणि कैद या प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन परत करण्याच्या दायित्वातून त्याला सूट दिलेली आहे. आणि त्या स्मृतीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने याच कर्नाटकात, चालुक्यांच्या कल्याण नगरीत बसून लिहिली. त्या नियमात आजारी माणसाबद्दल जी समजूत आहे तिचे मी स्वागत करतो. परंतु त्या समजुतीची किंमत स्त्रीने मोजावी, हे मला मान्य नाही. आजही चिकपेठेतील घरात आजारपणाचा पहिला घाव पत्नीच्या दागिन्यांवरच बसतो, आणि ज्या घरात तिने सर्वस्व दिले तिथे पतीच्या निधनानंतर सावकाराचा माणूस तिच्याच दारात उभा राहतो. तिला सांगितले पाहिजे की, ती स्वतः सहकर्जदार अथवा जामीनदार नसेल, तर पतीच्या देण्याची जबाबदारी त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच आहे. मुलांनाही सांगितले पाहिजे की, २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीनंतर, बापाचे ऋण फेडणे हे पुत्राचे धार्मिक कर्तव्य आहे एवढ्याच आधारावर त्याच्यावर नव्या कर्जाचा दावा चालत नाही. जामीनदाराची स्थिती मात्र कठीण आहे. मूळ ऋणकोला ऋणमुक्ती मिळाली तरी १९२० च्या कायद्याने जामीनदार सुटत नाही. आणि ज्या मेहुण्याने केवळ नात्याखातर सही केली त्याचे घर या एका सहीपायी मोडते.

आपल्या महाराष्ट्राचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला, चौकशी आयोग बसला, आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. त्या कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करण्याची पद्धत बंद केली आणि शेतकऱ्याच्या नादारीसाठी स्वतंत्र प्रकरणच घातले. त्याच कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी गावोगावच्या कोर्टांची तपासणी केली. अटकेचा प्रश्न पुढे १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आला, तेव्हा जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, ज्याच्यापाशी देण्यासारखे खरोखरच काही नाही आणि ज्याच्या मनात कपटही नाही, त्याला केवळ देणे थकले म्हणून तुरुंगात घालणे संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाशी विसंगत ठरते, असा निर्णय दिला. रोखे जाळण्याची वेळ येईपर्यंत राज्यकर्त्यांनी थांबू नये, एवढे तरी आपण त्या इतिहासातून मागावे.

आता २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेकडे वळतो. कंपन्यांसाठी ही संहिता त्वरेने अमलात आली. व्यक्तींविषयीचा तिचा तिसरा भाग मात्र १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता लागू झाला, आणि सामान्य माणूस अद्याप त्याच्या बाहेरच ताटकळत आहे. ज्याला नवारंभ म्हणता येईल अशी एक साधी प्रक्रिया या भागात आहे: वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, पात्र कर्ज पस्तीस हजारांच्या आत, आणि स्वतःचे घर नसावे. बेंगळुरूच्या कोणत्याही खासगी रुग्णालयातील अतिदक्षता विभागाचे काही दिवसांचे बिलच या कर्जमर्यादेला मागे टाकते. म्हणजे हा भाग उद्या लागू झाला तरी, आज आहेत त्या आकड्यांनिशी तो आजारी गलाईवाल्याच्या कामाचा नाही.

सरकारांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. देशातील एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील चौसष्ट टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये सुमारे एकोणचाळीस टक्क्यांवर आला. कर्नाटकाने खासगी रुग्णालयांविषयीच्या कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने थकलेल्या बिलापायी मृतदेह अडवून ठेवण्यास मनाई केली, आणि २०२५ मध्ये सूक्ष्म कर्जांच्या जुलमी वसुलीला कठोर शिक्षेचा कायदा आणला. परंतु सरकारी आरोग्य योजना उपचाराचे पैसे देतात. बुडालेली मजुरी, तपासण्या, औषधे, गावाहून बेंगळुरूला येण्याजाण्याचा आणि नातलगांच्या मुक्कामाचा खर्च त्यांच्या हिशेबात बहुधा येत नाही, आणि कर्ज बव्हंशी तिथेच होते.

नादारीचा दरवाजा उघडला तर लबाडही आत शिरतील, ही भीती निराधार नाही. फसव्या गुंतवणूक योजनांच्या चालकांनी नादारीच्या कायद्याआड लपण्याचे प्रयत्न केलेले आपण पाहिले आहेत. परंतु व्याधीचा पुरावा लपत नाही. रुग्णालयातून घरी सोडतानाचे कागद, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, औषधांच्या पावत्या, आणि कर्ज उचलल्याच्या तारखा हे सारे एकमेकांशेजारी मांडले, की आजार आधी आणि कर्ज नंतर, हे कोणत्याही न्यायाधीशाला तासाभरात दिसते.

म्हणून या परिषदेकडे माझी मागणी नेमकी आहे. केंद्र सरकारकडे आपण ठराव पाठवावा की, संहितेचा तिसरा भाग व्यक्तींना लागू करताना नवारंभाच्या मर्यादा आजच्या किमतींना अनुरूप कराव्यात, आणि दीर्घ व्याधी अथवा अपंगत्व सिद्ध झाले असता नादारी दुर्दैवाने आली असेच गृहीत धरून, विरुद्ध सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकावा. तोवर १९२० चा कायदा आहे, आणि तो वापरायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. या सभागृहातील वकिलांनी आळीपाळीने आठवड्यातील एक संध्याकाळ नगर्तपेठेत बसावे, अर्जाचा नमुना कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत समजावून सांगावा, लेखापालांनी देण्याघेण्याची यादी विनामूल्य तयार करून द्यावी. आणि प्रकरण ऋणमुक्तीच्या अर्जापर्यंत पोहोचले, म्हणजे त्या अर्जाच्या प्रार्थनेत ७३ व्या कलमाखालील दाखल्याची मागणी न विसरता लिहावी.