सव्वा महिन्याने बाळंतिणीकडे कोण बघतो?

(जुन्नर-आंबेगाव तालुक्यांच्या बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या भावावर बोलायला जमलो की आम्हाला वेळ पुरत नाही. आज मात्र कुणाच्याच हिशेबात न धरल्या जाणाऱ्या एका तोट्याबद्दल बोलायचे आहे. गरोदरपणात बाईच्या रक्तातली साखर वाढते आणि बाळंतपणाच्या आगेमागे तिचे मन खचते. ही दोन दुखणी पुष्कळदा एकमेकींचा हात धरून येतात. आपण मात्र पहिल्याला पथ्य म्हणतो आणि दुसऱ्याला नखरे म्हणतो.

साखर हा खात्यापित्या, लठ्ठ माणसांचा रोग, असे अजून पारावर बोलले जाते. ते खरे नाही. आपल्या शेजारच्या शिरूर भागातल्या सहा गावांत पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून शेतकरी घरांतल्या आयाबायांची पाहणी केली. तिथली बाळे सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली. इंग्लंडमधल्या बाळांच्या मानाने ती हलकी आणि अंगाने रोड होती, पण चरबी तेवढी कमी नव्हती. म्हणजे बारीक दिसणाऱ्या आपल्या देहातही साखरेच्या दुखण्याचे बी असू शकते. उन्हात खुरपणाऱ्या बाईला साखर कुठून होणार, असे म्हणून तपासणी टाळू नका.

हे होते कसे? गरोदरपणात वारेतून निघणारे रस आईच्या शरीरातल्या इन्शुलिनचे काम अडवतात. बहुतेक बायांचे शरीर जास्त इन्शुलिन तयार करून भरपाई करते. जिला ते जमत नाही, तिची साखर वाढते. यात तिची चूक काही नाही. ती साखर वारेतून बाळापर्यंत जाते, बाळ प्रमाणाबाहेर वाढू शकते, बाळंतपण अडू शकते आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरू शकते.

आता मनाचे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींची पाहणी केली, ती २००२ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी १०० पैकी २३ बायांचे मन खचलेले आढळले. ओढगस्त, नवऱ्याशी न पटणे आणि मुलगी झाली म्हणून मिळणारी वागणूक यांचा त्याच्याशी संबंध दिसला. बाहेरची बाधा, सटवाईचा कोप यांचा तिथे काही संबंध नव्हता.

दोन्हींचा दुवाही तपासला गेला आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ११ हजारांवर गरीब बायांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना मधुमेह होता, मग तो आधीचा असो की गरोदरपणातला, त्यांच्यात १०० पैकी १५ जणींना बाळंतपणाच्या आगेमागे नैराश्य आले. ज्यांना नव्हता, त्यांच्यात आठ-नऊ जणींना. तिथल्याच २०१६ च्या अभ्यासात ही वाट दुहेरी दिसली. गरोदरपणाच्या पहिल्या सहा महिन्यांत ज्या सतत उदास होत्या त्यांच्यात साखर जास्त आढळली, आणि ज्यांना साखर झाली त्यांच्यात बाळंतपणानंतर नैराश्य जास्त आढळले. सगळ्या पाहण्यांत फरक सारखाच मोठा येत नाही. एकामुळेच दुसरे होते असेही म्हणता येत नाही. पण एक दिसले तर दुसरे तपासावे, एवढे त्यातून नक्की निघते.

याचे नवल वाटायला नको. ताण वाढला की शरीरात साखर चढवणारे रस वाढतात. खचलेली बाई वेळेवर जेवत नाही, झोपत नाही, पथ्य पाळत नाही. उलट, साखर निघाली की सुई, पथ्य, तपासण्यांचे हेलपाटे आणि वर 'बाळाला तुझ्यामुळे झाले' हा टोमणा. कपाशीवर लाल्या आला की लाली पानावर दिसते, पण पुष्कळदा कमतरता असते ती मॅग्नेशियम-नत्राची. नुसते पान बघून फवारा मारणारा फसतो. बाळंतिणीची चिडचिड आणि रडणे तेवढेच बघणारे घरही तसेच फसते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पहिलटकरीण माहेरी जाते. तपासणी सासरच्या दवाखान्यात, बाळंतपण माहेरच्या, आणि कागद राहतो सासरी फळीवर. सव्वा महिना झाला की शेक-शेगडी संपते आणि बाई पुन्हा कामाला लागते. त्याच सुमारास, सहाव्या आठवड्यात, बाळाला टोचायला नेतात. बाळाचे वजन होते, लस होते. आईला कुणी विचारत नाही. साखर बाळंतपणानंतर बहुधा उतरते, म्हणून घर निर्धास्त होते. पण अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायांच्या सात ते दहा पट असतो.

म्हणून गावोगाव इतके करा.

एक : गरोदर राहिल्यावर पहिल्याच भेटीत साखर तपासा, ठीक निघाली तरी सहाव्या-सातव्या महिन्यात पुन्हा तपासा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्यावर आकडा आला तर उपचार हवेत. सरकारच्या २०१८ च्या सूचनांत हे आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते.

दोन : साखर निघाली तर 'दोन जिवांची आहे, खा' म्हणून डिंकाचे लाडू पुढे करू नका आणि उपाशीही ठेवू नका. ज्वारीची भाकरी चांगली, पण किती ते डॉक्टरांना विचारून.

तीन : माहेरी जाताना लुगड्यांबरोबर तपासणीचा कागद पिशवीत घाला.

चार : सहाव्या आठवड्यात बाळाबरोबर आईचीही साखर तपासायला सांगा. त्याच वेळी तिला विचारा : झोप लागते का? रडू येते का? बाळाजवळ जावेसे वाटते का? जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का? शेवटच्या प्रश्नाला 'हो' आले तर तिला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सरकारची १४४१६ ही मोफत फोनसेवा २०२२ पासून आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

भावांनो, हे प्रश्न सासूने आणि आशाताईंनीच विचारायचे असे नाही. बियाण्याची पिशवी उघडण्याआधी तुम्ही चारदा वाचता. घरच्या बाईच्या तपासणीचा कागद एकदा तरी वाचा, आणि सव्वा महिन्याने दवाखान्यात तिच्याबरोबर तुम्ही स्वतः जा.