फॉरमॅट मारण्यापूर्वी



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित साहाय्य थांबवले. तेव्हापासून जुने संगणक नव्याने उभे करण्याची घाई चालू आहे. कुणी विंडोज ११ टाकतो. ज्याच्या यंत्रात विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय नाही, असा कुणी लिनक्सकडे वळतो. या घाईत एक वाक्य हमखास कानावर येते : ‘फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट मारू, डीला धक्का लागणार नाही.’ तसे करता येते, मी ते नाकारत नाही. पण त्यासाठी इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह लावण्याआधी बरेच काही करावे लागते.

सी, डी, ई ही अक्षरे डिस्कवर कोरलेली नसतात, चालू असलेली विंडोज ती वाटत असते. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला की इन्स्टॉलरच्या यादीत डिस्कचा क्रमांक आणि पार्टिशनचा क्रमांक दिसतो, अक्षर दिसत नाही. ओळखायला उरतात आकार आणि आपण दिलेले नाव. म्हणून जुनी विंडोज चालू आहे तोवरच डिस्क मॅनेजमेंट उघडा, प्रत्येक पार्टिशनचा आकार कागदावर उतरवा आणि त्यांना ‘फोटो’, ‘हिशेब’ अशी नावे द्या.

सी आणि डी एकाच डिस्कचे भाग आहेत की दोन वेगळ्या डिस्क, हेही तिथेच कळते. वेगळ्या असतील आणि संगणक डेस्कटॉप असेल, तर तो बंद करून दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवा. जोडलेलीच नाही ती डिस्क चुकून पुसली जात नाही. शिवाय नव्या विंडोजच्या बूट फाइली भलत्या डिस्कवर जाऊन बसत नाहीत. तसे झाले तर पुढे कधी ती डिस्क काढताच संगणक सुरू होईनासा होतो. एकच डिस्क असेल, तर फक्त विंडोजचे पार्टिशन निवडायचे. यादी स्वच्छ दिसावी म्हणून सगळी पार्टिशन डिलीट केली, तर डीसुद्धा गेला.

विंडोजमधल्या रीसेट सोयीतही हेच जपायचे. ‘सर्व काही काढा’ निवडल्यावर पुढे फक्त विंडोजचा ड्राइव्ह पुसायचा की सगळे, हा पर्याय असतो. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. डिस्क कूटबद्ध करणारे बिटलॉकर चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधून लिहून ठेवा. ती नसेल, तर डी ड्राइव्ह शाबूत राहूनही उघडणार नाही.

आता सीविषयी. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे फोल्डर सहसा सीमध्येच असतात, आणि माणसे सर्वांत मोलाचे तिथेच ठेवतात. मराठीत टंकलेखन करणाऱ्यांचे आणखी एक नुकसान होते, त्याबद्दल मला फार कळकळ वाटते. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टांत टाइप केलेली जुनी हस्तलिखिते, स्मरणिका, मंडळांची इतिवृत्ते डीमध्ये सुखरूप राहतात. पण फॉन्ट मात्र सीमधल्या विंडोजच्या फोल्डरात असतात. ते गेले की फाइल उघडते आणि पडद्यावर अगम्य रोमन चिन्हांची रांग दिसते. मजकूर गेलेला नसतो, तो वाचायला लागणारा फॉन्ट गेलेला असतो. म्हणून तो आधी उचलून ठेवावा, आणि ज्या सॉफ्टवेअरबरोबर तो आला त्याचा परवानाही.

‘गेलेच तर रिकव्हरी करून घेऊ’ यावर विसंबू नका. जुन्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटनंतर बरेचदा काही हाती लागते. एसएसडीत मात्र फॉरमॅट होताच ट्रिमची आज्ञा जाते, मोकळ्या झालेल्या जागा डिस्क स्वतःच साफ करते, आणि मग परत मिळण्याची आशा फार थोडी उरते.

एकाच डिस्कवरचा डी ड्राइव्ह ही सुरक्षित प्रत नव्हे, कारण डिस्क बिघडली की दोन्ही एकदम जातात. तेव्हा बाहेरच्या डिस्कवर पूर्ण प्रत घ्या, ती दुसऱ्या संगणकाला लावून चार फाइली प्रत्यक्ष उघडून पाहा, आणि मगच फॉरमॅटला हात घाला. दुरुस्तीवाल्याकडे संगणक देणार असाल, तरी हे काम घरी उरकूनच द्या.