मौनाची मुदत



ब्रसेल्स शहरात नाटोचं मुख्यालय आहे. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातले तीस, असे 32 देश या लष्करी करारात आहेत. जगातली सर्वांत बलाढ्य सैन्यं जिथे एकत्र येतात, तिथे निर्णय कसे होत असतील? निदान हात तरी वर करत असतील, असं आपल्याला वाटतं. पण नाटोत मतदान होतच नाही. अमेरिकेच्या राजदूताचा शब्द आणि स्वतःचं सैन्यच नसलेल्या आइसलँडच्या राजदूताचा शब्द नियमानं सारखाच. सगळे राजी, तरच निर्णय.

आता रोजच्या कामकाजात प्रत्येक गोष्टीला 32 देशांनी ‘हो’ म्हणायचं, तर काम पुढे सरकणार कसं? म्हणून एक पद्धत रूढ झाली, सायलेन्स प्रोसीजर. महासचिव मसुदा सगळ्या राजदूतांकडे धाडतात आणि दिवस-वेळ ठरवून देतात. त्या वेळेपर्यंत कोणाचं पत्र आलं नाही, तर निर्णय मंजूर. आक्षेप असेल त्यानं आपल्या देशाच्या नावानिशी लेखी कळवायचं. त्याला तिथे ‘मौन मोडणं’ म्हणतात.

आपल्याकडे सोसायटीच्या सभेत सूचक, अनुमोदक आणि मग ‘सर्वानुमते मंजूर’ हे ओघानंच येतं. इथे सूचक आहे, पण अनुमोदक कोणीच नाही. ज्या सरकारला ठराव फारसा पटलेला नाही, पण मोडता घालायचीही इच्छा नाही, त्याला या पद्धतीत सन्मानानं गप्प राहता येतं. घरच्या विरोधकांपुढे ‘आम्ही हात वर केला नव्हता’ असं सांगायला जागा उरते. मला यातलं शहाणपण फार मोलाचं वाटतं.

पण मौन मोडलंही जातं. फेब्रुवारी 2003. इराकवर अमेरिकेचा हल्ला होणार हे दिसत होतं. इराकची सीमा तुर्कस्तानला भिडलेली. युद्ध पेटलं तर तुर्कस्तानच्या रक्षणासाठी टेहळणी विमानं, पॅट्रियट क्षेपणास्त्रं आणि रासायनिक हल्ल्यापासून बचावाची साधनं लागतील, त्यांचं नियोजन सुरू करावं, असा प्रस्ताव होता. महासचिव लॉर्ड रॉबर्टसन यांनी तो मौनाच्या मुदतीवर ठेवला. मुदत 10 तारखेच्या सोमवारी सकाळी संपायची होती. त्याआधीच फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनी यांनी मौन मोडलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: आत्ताच अशी तयारी करणं म्हणजे युद्ध अटळ आहे हे मान्य करणं. त्याच दिवशी तुर्कस्ताननं कराराच्या चौथ्या कलमाखाली सल्लामसलतीची मागणी केली.

मग सहा दिवस खलबतं चालली. वाट सापडली ती जुन्या इतिहासात. 1966 साली राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी फ्रान्सला नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर काढलं होतं. त्यामुळे संरक्षण नियोजन समितीत फ्रान्सचा प्रतिनिधी बसत नसे. 16 फेब्रुवारीला तो विषय या समितीपुढे नेला गेला. जर्मनी आणि बेल्जियम अखेर तयार झाले आणि मदत तुर्कस्तानला पोचली.

याला कोणी पळवाट म्हणेल. मी म्हणणार नाही. फ्रान्सवर कोणी बहुमत लादलं नाही आणि तुर्कस्तानलाही कोणी एकटं सोडलं नाही. बत्तीसच काय, बारा सार्वभौम देशांनाही एकत्र बांधायचं तर अशा फटी ठेवाव्याच लागतात. 1949 साली वॉशिंग्टनमध्ये मूळ करार झाला, तेव्हाही त्या ठेवल्या होत्या. एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला, हे पाचवं कलम आपण ऐकलेलं असतं. पण पुढे तेच कलम सांगतं की, प्रत्येक देश स्वतःला आवश्यक वाटेल ती कृती करील. युद्ध जाहीर करण्याचा अधिकार अमेरिकेत काँग्रेसचा. तो आपोआप कोणाच्या हाती जाऊ द्यायला अमेरिकी सिनेट तयार नव्हती. हे कलम आजवर एकदाच लागू झालं, 12 सप्टेंबर 2001 रोजी, तेही अमेरिकेच्या मदतीसाठी. युरोपातून टेहळणी विमानं अमेरिकेच्या आकाशात गस्त घालायला गेली.

युरोपीय संघाचं बिऱ्हाडही ब्रसेल्सलाच, पण त्याची रीत वेगळी. तिथे बहुतेक कायदे मतं मोजून होतात: 27 पैकी किमान 15 देश आणि त्यांच्यात संघाची 65 टक्के लोकसंख्या. परराष्ट्र धोरण, संरक्षण, नव्या सदस्यांचा प्रवेश इथे मात्र एकमत लागतं. 1965 मध्ये, संघाच्या पूर्वावतारात सहाच देश असताना, शेतीचा खर्च आणि बहुमताची पद्धत यांवरून द गॉल यांनी बैठकांना माणसंच पाठवणं बंद केलं. जवळजवळ सात महिने फ्रान्सची खुर्ची रिकामी राहिली आणि गाडा अडला.

14 डिसेंबर 2023 ला अशाच एका रिकाम्या खुर्चीनं गाडा पुढे नेला. युक्रेनशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू करायला हंगेरीचे पंतप्रधान ओर्बान यांचा कडवा विरोध होता. जर्मनीचे चान्सलर शोल्त्स यांनी त्यांना थोडा वेळ दालनाबाहेर जाण्याचं सुचवलं. ओर्बान उठून बाहेर गेले. उरलेल्या 26 जणांनी निर्णय घेतला आणि नियमानुसार तो एकमताचाच ठरला. त्याच रात्री परत आत येऊन त्यांनी युक्रेनच्या 50 अब्ज युरोंच्या मदतीला नकार दिला. ती मंजूर व्हायला 1 फेब्रुवारी उजाडावा लागला.

दीड महिना हा लढणाऱ्या देशाला फार मोठा काळ, आणि तो गेला याचं मला दुःख वाटतं. परराष्ट्र धोरणातही मतं मोजावीत, असा आग्रह म्हणूनच युरोपात वाढतो आहे. तशी तरतूद संघाच्या करारातच आहे. पण एकमताकडून बहुमताकडे जाण्याचा तो निर्णयही 27 देशांनी एकमतानंच घ्यायचा आहे.