दूरच्या नेमासाठीं काडतुसाची निवड



सन २०२४ च्या ऑगस्ट महिन्यांत फ्रान्समधील ऑलिंपिक सामन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं पन्नास मीटर रायफल प्रकारांत कांस्यपदक मिळविलें, हें आपणां सर्वांच्या स्मरणांत असेल. त्या सामन्यांतील काडतूस नियमानेंच ठरलेलें असतें. नळी .२२ इंचाची आणि शिशाची गोळी अडीच ग्रॅमांहून किंचित् जड. तेथें काडतुसाची जात निवडण्याचा प्रश्नच येत नाहीं. परंतु पन्नास मीटरांऐवजीं हजार वार, एक मैल किंवा दोन मैल अंतरावरील लक्ष्य समोर ठेवलें, तर सारा डाव निवडीपासूनच सुरू होतो. अशा वेळीं काडतूस कोणतें घ्यावें? "सर्वांत मोठें असेल तें," असें उत्तर बहुतेकांच्या तोंडीं चटकन् येईल. हें उत्तर कां टिकत नाहीं, तेंच आज पहावयाचें आहे. त्यासाठीं शाळेंतील गणितापलीकडे कांहीं लागणार नाहीं.

प्रथम काडतुसाचीं अंगें पाहूं. पितळेचा कोष, त्याच्या बुडाशीं पेट घेणारी टोपी, आंत दारू आणि तोंडाशीं बसविलेली गोळी, एवढाच हा संसार. दारू गोळीला वेग देते. पण नळीबाहेर पडल्यावर दारूचें काम संपतें. पुढचा सर्व प्रवास गोळीला स्वतःच्या वजनावर व घडणीवर करावयाचा असतो. वाटेंत तिला तीन वैरी भेटतात: पृथ्वीचें आकर्षण, हवेचा विरोध आणि आडवा वारा.

यांपैकीं हवेचा विरोध किती मोठा आहे, हें जगाला प्रथम नीट दाखविलें तें बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणित्यानें. त्याचा तोफशास्त्रावरील ग्रंथ १७४२ सालीं प्रसिद्ध झाला. टांगलेल्या लंबकावर गोळी मारून, लंबक किती हलला त्यावरून गोळीचा वेग काढण्याची युक्ति त्याचीच. हाच रॉबिन्स पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत किल्ल्यांच्या बांधकामासाठीं हिंदुस्थानांत आला आणि १७५१ सालीं कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यांत वारला.

आतां आकर्षणाचा हिशेब घेऊं. दूरच्या नेमबाजींत नांवाजलेलें .३३८ लापुआ मॅग्नम हें काडतूस १९८० नंतरच्या दशकांत तयार झालें. लापुआ हें फिनलंडमधील गांव. त्याची सुमारें साडेएकोणीस ग्रॅमची गोळी नळींतून सेकंदास सुमारें ८३० मीटर वेगानें सुटते आणि मैलभर जावयास तिला सुमारें तीन सेकंद लागतात. तीन सेकंदांत निर्वात जागेंतील पदार्थ ४४ मीटर खालीं येतो. हवेमुळें गोळीची घसरण त्याहून थोडी कमी, म्हणजे पस्तीस मीटरांच्या आसपास भरते. नेमबाजाला नळीचें तोंड तितक्या हिशेबानें वर उचलावें लागतें. आंकडा मोठा असला तरी याचें भय नाहीं. आकर्षण रोज सारखें असतें, आणि जें सारखें असतें त्याचें कोष्टक मांडतां येतें.

वाऱ्याचें तसें नाहीं. वारा गोळीला किती ढकलतो, याचा एक सुंदर नियम आहे. हवेचा विरोध मुळींच नसता तर गोळीला जेवढा वेळ लागला असता, त्यापेक्षां प्रत्यक्षांत किती उशीर झाला तो काढा. त्या उशिराला आडव्या वाऱ्याच्या वेगानें गुणा. येणारा गुणाकार म्हणजे गोळीचें सरकणें. उदाहरण घ्या. .३०८ विंचेस्टर हें १९५२ सालचें प्रसिद्ध काडतूस. त्याच्या सव्वाअकरा ग्रॅमच्या गोळीला हजार वारांवर सुमारें ०.५५ सेकंद उशीर होतो. आडवा वारा सेकंदास चार मीटर असेल, तर गोळी २.२ मीटर सरकेल. आतां ६.५ क्रीडमूर या २००७ सालच्या काडतुसाची नऊ ग्रॅमची सडपातळ गोळी घ्या. तिचा उशीर ०.४ सेकंदाच्या आसपास; म्हणून सरकणें १.६ मीटर. गोळी हलकी, धक्का कमी, आणि तरीहि वाऱ्याला दाद कमी! याचें कारण तिच्या आकारांत आहे. जाडीच्या मानानें लांब, टोंकाला अणकुचीदार व मागें होडीच्या बुडासारखी निमुळती अशी गोळी हवेंतून सुखानें जाते. मात्र लांब गोळी स्थिर राहावी म्हणून तिला अधिक फिरकी द्यावी लागते, म्हणजेच नळीच्या आंतील आटे अधिक पिळाचे हवेत. यासाठींचा सोपा नियम वुलिचचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनीं १८७९ सालींच बसविला होता.

क्रीडमूर या नांवामागें एक गोष्ट आहे. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीड नांवाच्या कुटुंबाचें शेत होतें. तेथें नेमबाजीचें मैदान झालें. २६ सप्टेंबर १८७४ रोजीं तेथें आयर्लंड व अमेरिका यांचा ८००, ९०० आणि १००० वारांवर सामना झाला. आयरिश लोकांच्या बंदुका तोंडाकडून ठासावयाच्या, तर अमेरिकनांच्या मागून काडतूस भरावयाच्या. अमेरिकेचे गुण ९३४ झाले, आयर्लंडचे ९३१. एका आयरिश नेमबाजाची एक गोळी अगदीं मध्यबिंदूंत बसली होती. पण ती शेजारच्या लक्ष्याच्या! तिला शून्य मिळालें. मध्यबिंदूचे गुण चार होते. ते मिळते तर आयर्लंड एका गुणानें जिंकलें असतें. साधन कोणतेंहि असो, डोळ्यांना व चित्ताला सुटी नसते, हें त्या एका गोळीनें सांगून ठेवलें.

आतां पल्ल्याची मर्यादा कशी ठरवावी? हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. गोळीचा वेग जोंवर याहून बराच अधिक आहे, तोंवर ती शिस्तीनें चालते. वेग घसरत ध्वनीच्या वेगाजवळ आला कीं तिच्यावरील दाबाचें केंद्र हलूं लागतें, पुष्कळशा गोळ्या डुलतात आणि हिशेब बिघडतो. म्हणून काडतुसाला विचारावयाचा मुख्य प्रश्न हा: तुझी गोळी ध्वनीच्या पुढें कोठपर्यंत राहते? समुद्रसपाटीच्या हवेंत .३०८ ची गोळी सुमारें हजार वारांपर्यंत, क्रीडमूरची त्याहून दोन-तीनशें वार पुढें, .३३८ लापुआची सुमारें दीड हजार वारांपर्यंत, तर .४०८ चेयटॅकची सत्तावीस ग्रॅमची, कातावर कातलेली तांब्याच्या मिश्रधातूची गोळी दोन हजार वारांपर्यंत आणि पुढेंहि राहते. विरळ हवेंत हे सर्व आंकडे वाढतात. अमेरिकेंत रॅटन गांवाजवळ २०१६ सालीं दोन मैलांचा सामना भरला, तें मैदान समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार मीटर उंच आहे.

मग सर्वांत मोठें काडतूस कां नको? .५० ब्राउनिंग घ्या. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्याची आंखणी झाली ती यांत्रिक तोफेसाठीं. त्याची साधी लष्करी गोळी चाळीस ग्रॅमांहून जड असते. पण ती झोडपण्यासाठीं केलेली, एकाच बिंदूवर पुनःपुन्हां बसण्यासाठीं नव्हे. काळजीपूर्वक घडविलेली गोळी घातल्यास तेंहि काडतूस दूरवर उत्तम काम देतें. परंतु बंदुकीचें वजन, खांद्यावरील धक्का, कानांवरील आघात आणि प्रत्येक बाराचा खर्च हीं सर्व वाढतात. धक्क्याच्या भीतीनें ज्याचें बोट चाप ओढतांना दचकतें, त्याला गोळीचें वजन काय वाचविणार? शिवाय दारू फार व भोंक लहान अशी जोडी केली, तर नळी लवकर झिजते.

मोठेपणाहून सारखेपणा महत्त्वाचा. मघाच्या .३३८ गोळीचा वेग एका बाराला ८३० मीटर व दुसऱ्याला ८२७ झाला, तर मैलावर ती सुमारें वीतभर खालीं बसेल. म्हणून दारूचें माप, कोषाची घडण व गोळीचें वजन यांत काटेकोरपणा असलेलें मध्यम काडतूस हें वाटेल तसें भरलेल्या प्रचंड काडतुसाहून सरस ठरतें. माझें मत असें कीं, हजार-बाराशें वारांच्या सरावासाठीं क्रीडमूरच्या जातीचें, मैलाच्या आसपास .३३८ च्या जातीचें, आणि त्यापुढें .३७५ किंवा .४०८ चेयटॅक यांसारखें काडतूस योग्य होय. परंतु जो हजार वारांवर वारा वाचावयास शिकला नाहीं, त्यानें पुढच्या पायरीकडे वळूंच नये.

शेवटीं एक गंभीर गोष्ट. हा सारा हिशेब कागदाच्या व लोखंडाच्या लक्ष्यांसाठीं आहे. ज्या देशांत शिकारीला मुभा आहे, तेथेंहि मैलावरून जनावरावर बार टाकणें मला निंद्य वाटतें. तीन सेकंदांत हरिण तीन पावलें चालतें. गोळी त्याच्या हृदयाऐवजीं पोटांत शिरते आणि तें बिचारें रानांत तडफडत राहतें. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीला बंदी आहे, ती योग्यच आहे. तसेंच चुकलेली गोळी आपली चूक जाणून थांबत नाहीं. ती मैलोगणती पुढें जाते. लक्ष्यामागें मातीचा भक्कम बांध वा डोंगर नसेल, तर उत्तमांतील उत्तम काडतूसहि खिशांतच राहूं द्यावें.

पल्ला किती, गोळी ध्वनीच्या पुढें कोठवर राहते, वाऱ्यांत तिला उशीर किती होतो, सर्व काडतुसें सारखीं आहेत काय, आणि माझा खांदा हें सोसेल काय, या पांच प्रश्नांचीं उत्तरें ज्याला प्रामाणिकपणें देतां आलीं, त्याची निवड बहुधा चुकणार नाहीं. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.