लहान पार्सल आणि सीमाशुल्क

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही, तरीही सीमाशुल्काचा, म्हणजे एका मुलखाची हद्द ओलांडताना मालावर द्याव्या लागणाऱ्या कराचा, अनुभव इथल्या व्यापाराला जुना आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात या कराला करोडगिरी म्हणत, आणि १८०२ च्या तहाने ब्रिटिश मुलखाशी चालणाऱ्या व्यापारावर त्याचा दर शेकडा पाच ठरला होता. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली, तेव्हा बार्शी इंग्रजी मुलखात आणि लातूर संस्थानात असल्यामुळे आज एकाच राज्यात असलेल्या या दोन बाजारपेठांच्या मध्ये करोडगिरीची हद्द होती. आजची हद्द डोळ्यांना दिसत नाही. ती टपाल कार्यालयाच्या खिडकीवर भरून द्यायच्या सीमाशुल्क जाहीरपत्रात असते, आणि गेल्या काही वर्षांत तिचे नियम इतक्या वेगाने बदलले आहेत की त्यांचा विचार या परिषदेने करणे अगत्याचे ठरते.

कमी किमतीच्या मालाला शुल्कातून सूट देण्यामागचे मूळ तत्त्व साधे आहे: जो कर वसूल करण्याचा खर्च करापेक्षा अधिक होईल, तो वसूल करू नये. भारताच्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातही याच न्यायाने, आकारणी १०० रुपये किंवा त्याहून कमी असेल तर शुल्क घेतले जात नाही. अमेरिकेने १९३० च्या आयात शुल्क कायद्यात १९३८ साली अशी सूट घातली, तेव्हा तिची मर्यादा एका डॉलरची होती. ती पुढे २०० आणि २०१६ मध्ये ८०० डॉलरवर गेली. मर्यादा एवढी वाढल्यावर ही सवलत प्रशासकीय सोय उरली नाही, तो व्यापाराचा राजमार्ग झाला. शीन आणि टेमू यांसारख्या कंपन्यांनी गोदामातील माल घाऊक न पाठवता एकेका ग्राहकाच्या नावाने सुटा पाठवला, आणि अमेरिकेत अशा सवलतीने येणाऱ्या पार्सलांची संख्या २०१५ च्या सुमारे १४ कोटींवरून २०२४ मध्ये १३६ कोटींवर गेली. युरोपीय संघात २०२४ या एका वर्षात अशा ४६० कोटी वस्तू आल्या, त्यांतील दहापैकी नऊ चीनमधून.

अमेरिकेने २०२५ मध्ये ही वाट बंद केली, आणि ती बंद करणे न्याय्यच होते. ज्या स्थानिक दुकानदाराचा माल शुल्क भरून येतो, त्याने शुल्कमुक्त मालाशी स्पर्धा करावी, अशी अपेक्षा कोणत्याही राज्याला शोभत नाही. भारताने तर हे पाऊल अमेरिकेच्या आधीच उचलले होते. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना असलेल्या सवलतीचा आधार घेऊन परदेशी विक्रेते विकलेला माल भेट म्हणून पाठवू लागले, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने टपालाने वा कुरियरने येणाऱ्या भेटवस्तूंची शुल्कमुक्त आयात थांबवली आणि फक्त जीवनरक्षक औषधे व राखी यांना वगळले. राखी तशीच येऊ शकते, राखीसोबतची भेट पूर्ण शुल्क भरल्याशिवाय येऊ शकत नाही. अमेरिकेच्या निर्णयाविषयी नाराजी व्यक्त करताना हा आपला निर्णयही समोर ठेवला पाहिजे.

तथापि, २०२५ च्या ऑगस्टमध्ये जे घडले, ते वाट बंद करण्याच्या पद्धतीतील दोष दाखवते. २९ ऑगस्टपासून अमेरिकेने सर्व देशांसाठी ही सूट रद्द केली. १०० डॉलरपर्यंतची खरी भेटवस्तू आदेशानुसार शुल्कमुक्तच होती. पण शुल्क कोणी गोळा करायचे आणि ते कसे भरायचे, याची व्यवस्था तयार नसल्याने विमान कंपन्यांनी टपालाचा माल घेण्याचे थांबवले, आणि भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सले बंद केली. काही दिवसांतच उरलेली सेवाही थांबली. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, दिवाळी तोंडावर आली असताना. त्यामुळे मुलाकडे किंवा लेकीकडे फराळाचा डबा धाडू पाहणाऱ्या कुटुंबांपुढे, नियमाने जे पाठवता येत होते ते टपालाने पाठवायचा मार्गच नव्हता. मोठ्या कंपनीने या काळात परदेशातील गोदामातून माल पुरवला असेल. घरच्या डब्याला असे गोदाम नसते.

म्हणून किंमत हा एकच निकष अपुरा आहे, असे या अध्यक्षपदावरून स्पष्टपणे मांडावेसे वाटते. शंभर रुपयांची वस्तू लाखो वेळा पाठवणारा व्यापारी असतो, आणि वर्षातून एकदा पाच हजारांची भेट पाठवणारी आजी व्यापारी नसते. पार्सल निघण्यापूर्वीच पाठवणारा, घेणारा, वस्तू आणि किंमत यांची माहिती संगणकावरून पुढच्या देशाला कळवण्याची पद्धत आज टपालात रूढ असल्याने, व्यक्तीकडून व्यक्तीकडे जाणाऱ्या भेटीला वार्षिक मर्यादा घालून सूट देणे शक्य आहे. २०१९ मध्ये जी सवलत सरसकट काढली गेली, ती या स्वरूपात भारताने परत आणावी. युरोपीय संघानेही १५० युरोखालील पार्सलांतील प्रत्येक वस्तुप्रकारावर १ जुलै २०२६ पासून ३ युरो शुल्क लावण्याचे ठरवले असल्याने हा प्रश्न अमेरिकेपुरता राहिलेला नाही.

लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नांदेडला हुजूर साहिब या शीख गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला परदेशांतून भाविक येतात. या मालाला आणि या माणसांना जोडणारा धागा लहान पार्सलाचाच आहे, आणि तो अनेकदा जाहीरपत्रातील एका रकान्यात तुटतो. तिथे नुसते ‘खाद्यपदार्थ’ लिहिलेले पार्सल अडकू शकते; तिथे ‘वाळलेली चिंच’, निव्वळ वजन, खरी किंमत आणि मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील ०८१३ हे शीर्षक लिहावे लागते. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे लहान उत्पादकांना अशा कागदपत्रांत मदत करण्यासाठीच आहेत. परिषदेतील करसल्लागारांनी दोन्ही जिल्ह्यांच्या मुख्य डाकघरांशी बोलून चिंच, डाळ, फराळ, खादी आणि पोलादी कडे यांची नमुन्यादाखल भरलेली जाहीरपत्रे मराठीत तयार करावीत, आणि ती येत्या दिवाळीच्या दोन महिने आधी खिडकीशेजारी लावली जावीत.