अळूची खाज, पालकाचा रस आणि मुतखडा



गणेशोत्सव जवळ आला की खडकी बाजारात अळूच्या जुड्यांना मागणी वाढते. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, ऋषीची भाजी शिजते आणि तीत अळू व सुरण हवेतच. अळू चिरण्यापूर्वी गृहिणी हाताला तेल लावतात, भाजीत चिंच किंवा आंबट चुका घालतात आणि ती भरपूर शिजवतात. या रीतीमागे एक रसायन दडले आहे. त्याचे नाव ऑक्झॅलेट.

अळूच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सूक्ष्म सुयांचे जुडगे असतात. पान चावले की त्या जिभेत, घशात रुततात. किडे आणि चरणारी जनावरे यांपासून वनस्पतीने केलेले हे स्वसंरक्षण होय. चिंचेमुळे सुया विरघळतात, असे पुष्कळदा सांगितले जाते. मात्र हे लवण अशा सौम्य आम्लात विरघळत नाही. सुयांसोबतची प्रथिनेही खाजेला कारणीभूत असतात व शिजवण्याने ती निष्प्रभ होतात, असे संशोधक मानतात. म्हणजे रीत योग्यच, कारणमीमांसा तेवढी सदोष!

घसा खाजवणारे अळू निदान आगाऊ सूचना तरी देते. पालक तीही देत नाही. त्यातील ऑक्झॅलेटचा मोठा भाग पाण्यात विरघळणारा असतो; शंभर ग्रॅम पालकात त्याचे प्रमाण कित्येक शे मिलिग्रॅम भरते. ते आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जाते. तेथे कॅल्शियमशी त्याची गाठ पडली की स्फटिक बनतात. बहुसंख्य मुतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचेच असतात. पालक उकळून पाणी फेकून दिले की हा भार बराच उतरतो. टोमॅटोला मात्र उगीचच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. त्यात ऑक्झॅलेट अल्पच असते.

याहून हानिकारक समज दुधाविषयीचा आहे. खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध-दही वर्ज्य करणारी कुटुंबे कमी नाहीत. वस्तुतः जेवणातील कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधून ठेवते आणि ते शौचावाटे निघून जाते. पालकाच्या भाजीबरोबर वाटीभर दही घेणारा अधिक सुरक्षित असतो. पाणीही इतके प्यावे, की दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी. आधीच मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच चालावे.

आता सकाळच्या रसांकडे वळू. पुण्यात फिरायला जाणाऱ्यांसाठी बागांच्या बाहेर नानाविध रसांच्या गाड्या लागतात. न शिजवलेल्या पाल्याचा रस म्हणजे ताटातल्या भाजीच्या कित्येक पट ऑक्झॅलेट एका घोटात, तेही उपाशीपोटी. केरळमध्ये कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून बिलिंबीचा दाट रस पिणाऱ्या दहा जणांची मूत्रपिंडे अचानक निकामी झाल्याचा वृत्तान्त २०१३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बिलिंबी तेथे वर्षानुवर्षे कालवणात पडते. तेच फळ पेलाभर रस होऊन आले, तेव्हा घात झाला. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत किती महागात पडते!

आपल्या आतड्यात ऑक्झॅलेटवरच जगणारा एक जीवाणूही असतो. १९८५ मध्ये त्याचे ‘ऑक्झॅलोबॅक्टर फॉर्मिजेनेस’ असे नामकरण झाले. काही प्रतिजैविकांनी तो नष्ट होतो. सर्दी झाली की परस्पर औषधाच्या दुकानातून गोळ्या आणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

जमिनीतही असेच सूक्ष्मजीव आहेत. केनियातील काही अंजीरवर्गीय वृक्ष हवेतील कार्बन प्रथम ऑक्झॅलेटच्या रूपात साठवतात. पुढे सूक्ष्मजीव त्यातून चुनखडी बनवतात आणि खोडात व भोवतीच्या मातीत अक्षरशः दगड साचतो. २०२५ मध्ये प्राग येथील परिषदेत हे निष्कर्ष मांडले गेले. आपले वड, पिंपळ आणि उंबर याच कुळातले. मूत्रपिंडात जो खडा वेदना देतो, त्याच द्रव्यापासून वृक्षाच्या अंगी हवेतला कार्बन दीर्घकाळ बंदिस्त होतो.

खडकीकरांना ओळखीचे उदाहरण मुळेच्या पात्रातले. नदीवर पसरणाऱ्या जलपर्णीच्या पेशींतही अळूसारख्याच सुया असतात. मात्र ती फोफावते ती सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. यंत्रे लावून ती काढली जाते आणि नाले तसेच नदीत मिळत राहतात. पुढच्या उन्हाळ्यात पात्र पुन्हा हिरवे झालेले दिसते.