कापलेली शेंडी आणि बांबूची तलवार
(दारव्हा येथील व्याख्यानाचा लेखरूप अंश)

जपानी सामुराईंचे चित्रपट मराठी मनाला परके वाटत नाहीत. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली 'सिंहगड' काढला. भालजी पेंढारकरांनी १९५२ मध्ये 'छत्रपती शिवाजी' आणि १९६४ मध्ये 'मराठा तितुका मेळवावा' पडद्यावर आणला. स्वामिनिष्ठा, दिलेला शब्द आणि त्यासाठी मस्तक देण्याची सिद्धता यांचा संस्कार आपल्यावर आधीच झालेला असतो. त्यामुळे तलवारीच्या लखलखाटापाशीच थांबण्याचा मोहही आपल्याला अधिक.

अकिरा कुरोसावा यांचा 'सेव्हन सामुराई' (१९५४) हा मोह प्रारंभीच मोडतो. वृद्धत्वाकडे झुकलेला कांबेई प्रथम दिसतो तो नदीकाठी मुंडन करवून घेताना. डोक्यावरची शेंडी म्हणजे सामुराईची प्रतिष्ठा. एका चोराने बालकाला ओलीस धरले आहे. भिक्षूच्या वेषात त्याच्याजवळ जाता यावे म्हणून कांबेई ती शेंडी सहज उतरवतो. मूल वाचते.

यासमोर मासाकी कोबायाशी यांचा 'हाराकिरी' (१९६२) ठेवून पाहावा. काळ १६३० चा. आजारी पत्नी आणि तापाने फणफणलेले मूल यांच्यासाठी एका तरुण सामुराईने तलवारीची पाती विकली आहेत, म्यानात उरली आहे बांबूची पट्टी. प्रतिष्ठित घराण्याचे कारभारी त्याला त्याच बांबूने पोट चिरायला लावतात. पुढे त्याचा सासरा येतो आणि या कामी पुढाकार घेणाऱ्या तिघांच्या शेंड्या कापतो. शौर्याच्या गप्पा मारणारे हे तिघे आजारपणाचे सोंग करून घरात दडून बसतात! शेवटी घराण्याच्या रोजनिशीत खोटी नोंद होते आणि पूर्वजांचे पोकळ चिलखत पुन्हा जागेवर मांडले जाते. कोबायाशी स्वतः महायुद्धात सैनिक होते आणि त्यांनी बढती नाकारली होती, हे येथे आठवते.

मात्र कापसाच्या या मुलखात अधिक विचार करण्याजोगा प्रसंग 'सेव्हन सामुराई'मध्येच आहे. दरोडेखोरांपासून रक्षण करणाऱ्यांना गावकरी भात वाढतात, स्वतः भरड धान्यावर राहतात. त्याच गावकऱ्यांनी पळत्या सामुराईंना मारून लुटलेली चिलखते सापडतात, तेव्हा योद्धे संतापतात. त्या क्षणी शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला किकुचियो उसळतो. शेतकरी लबाड आहे, भित्रा आहे, हे तो मान्य करतो. पण त्याची गावे जाळून, त्याचे धान्य ओरबाडून त्याला तसे बनवले कोणी, असा त्याचा सवाल आहे. कांबेईचे डोळे भरून येतात.

महाराष्ट्राला हा सवाल नवा नाही. चिपळूणकडील लष्कराच्या अधिकाऱ्यांना शिवछत्रपतींनी पाठवलेल्या पत्रात हीच चिंता आहे. दाणावैरण जपून वापरावी, रयतेकडून काही ओरबाडू नये. नाहीतर तुमच्यापेक्षा मोगल बरे, असे लोक म्हणतील, हा त्याचा आशय. तलवार बाळगणाऱ्याची अब्रू राजाने कणगीतल्या दाण्याशी बांधली होती. आपल्या ऐतिहासिक चित्रपटांनी खिंडी लढवल्या, गड जिंकले. हे पत्र मात्र त्यांच्या पडद्यावर फारसे उमटले नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

कुरोसावांचा शेवट पाहा. सातांपैकी चौघे पडले आहेत, टेकडीवर त्यांच्या मातीच्या समाध्यांवर तलवारी रोवल्या आहेत. खाली ढोलाच्या तालावर, गाणी म्हणत गाव भाताची लावणी करीत आहे. जिंकले ते हे शेतकरी, आपण नव्हे, असे कांबेई सोबत्याला सांगतो आणि वळून समाध्यांकडे पाहतो.